बाथरूमचा दिवा

ती: परत म्हण.

तो: काय परत म्हणू?

ती: आत्ता म्हणालास ते. मी इस्त्री करता करता म्हटलं, आज पाठ अगदी भरून आलीय. त्यावर तू काय म्हणालास?

तो: ‘मी ऐकतोय’ म्हणालो. त्यात चुकलं काय?

ती: लग्न झाल्यापासून माझी पाठ दुखतेय. आजवर तुझं उत्तर ठरलेलं होतं, ‘मग एवढे कपडे एकदम कशाला काढून बसतेस?’ आणि हल्ली ‘मी ऐकतोय’. तेही कसं, तर आधी मान हलवायची, मग जरा थांबायचं, मग म्हणायचं.

तो: म्हणजे चांगलं बोलावं तरी पंचाईत. आण इकडे, उरलेले शर्ट मी करतो.

ती: हात लावू नकोस. हेच, हेच म्हणतेय मी. ज्या माणसाला इस्त्रीचं बटण कुठे असतं ते माहीत नव्हतं, तो रविवारी दुपारची झोप सोडून इस्त्री मागतोय. कुठेतरी पाणी मुरतंय.

तो: काही मुरत नाहीये. माणूस बदलू शकतो.

ती: हे कोणाचं वाक्य?

तो: कोणाचं म्हणजे? माझं.

ती: तू आवाज दिलास त्या मालिकेच्या दुसऱ्या भागातलं आहे. डोंगरावरच्या पायऱ्यांवर बसून तुमचे हसरेबुवा म्हणतात, ‘माणूस बदलू शकतो, फक्त त्याने स्वतःकडे बघायला हवं.’ तू अर्धंच म्हणालास.

तो: तू ती मालिका बघितलीस?

ती: सगळी. जेवणाच्या सुट्टीत, कानात इयरफोन खुपसून. ऑफिसातल्या बायकांना वाटतंय मी अध्यात्माला लागले. एकीने तर मला पुस्तक आणून दिलं.

तो: तूच म्हणाली होतीस की सुखाची, करुणेची असली प्रवचनं तुला पचत नाहीत.

ती: नाहीच पचत. अरे, मी दिवसभर काय करते? लोकांचे फ्रिज बंद पडतात आणि ते मला फोन करतात. मॉडेल नंबर विचारायच्या आधी ‘तुमची अडचण मी समजू शकते’ असं म्हणावंच लागतं. विसरलं तर साहेब मार्क कापतो. दिवसभर पगारी माया करून मी घरी येते. त्यामुळे पाठ केलेली माया मला लांबून ओळखू येते. आणि तू हल्ली माझ्याशी पाठ केलेलं बोलतोयस.

तो: धंद्याचा परिणाम आहे, दुसरं काय. इतके दिवस एकाच माणसाच्या तोंडात शब्द घालत होतो, थोडे आपल्याही तोंडात राहतात.

ती: राहतात? जन्मभर तू गुंडांना आवाज दिलास. दोन नंबरचा स्मगलर, तो लबाड मंत्री, कार्टूनमधलं अस्वल. घरी येऊन कधी मला पळवून न्यायची धमकी दिली नाहीस.

तो: मी अस्वलासारखा वागतो असं तूच सांगायचीस सगळ्यांना.

ती: ते तू अस्वलाच्या आधीपासून वागतोस. विषय बदलू नकोस.

तो: बरं, नाही बदलत. विचार.

ती: मागच्या आठवड्यात साहेबाने मला सगळ्यांसमोर झापलं, त्या दिवसाची गोष्ट. मी इथे याच खुर्चीत रडत बसले होते. तू शेजारी येऊन बसलास, मान हलवलीस आणि म्हणालास, ‘मी इथेच आहे, माझ्या माणसा.’ मला आधी वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. बायकोला कोणी ‘माझ्या माणसा’ म्हणतं?

तो: ते तोंडातून निसटलं गं.

ती: निसटलं नाही. पाचव्या भागात आहे. एका म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन हसरेबुवा म्हणतात.

तो: तिथे त्यांचे ओठ मिटतात.

ती: काय?

तो: त्यांच्या भाषेत तिथे जे शब्द आहेत, ते म्हणताना त्यांचे ओठ दोनदा मिटतात. आपल्या भाषेत तिथे प, ब, म असलं काहीतरी यावं लागतं, नाहीतर तोंड एकीकडे आणि आवाज भलतीकडे असं दिसतं. आम्ही ‘बाळा’ घेऊन बघितलं, ते अपुरं पडलं. ‘माझ्या माणसा’ चपखल बसलं.

ती: त्या म्हाताऱ्याला बसलं. माझे ओठ मिटत नव्हते, मी रडत होते.

तो: चुकलं माझं. पण मनापासून होतं ते.

ती: मनापासून बोलताना माणूस चाचरतो. शब्द सापडत नाही, चुकीचा सापडतो, मग चिडतो. तू तर लग्नाची मागणी घातलीस तेव्हासुद्धा चाचरला होतास. आता एकदाही अडखळत नाहीस.

तो: घ्या. इतके दिवस तुझी तक्रार होती की मी नीट बोलत नाही.

ती: अजून आहे. बाथरूमचा दिवा.

तो: त्याचं काय आता?

ती: तो मी मुद्दाम चालू ठेवतेय. आधी विसरून राहायचा, हल्ली मुद्दाम ठेवते. आधी तू आतल्या खोलीतून ओरडायचास, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. आता गुपचूप उठतोस, बंद करतोस आणि माझ्याकडे बघून हसतोस. तसा हसलास की मला कुठे पळू असं होतं.

तो: म्हणजे नवरा ओरडत नाही म्हणून तू घाबरलीस.

ती: हो, घाबरले. आणि मी एकटीच नाही. लेकीचा मंगळवारी फोन आला होता. तिला वाटलं मला माहीत असेल. म्हणाली, ‘आई, बाबांना काय झालंय? परवा हॉस्टेलवर फोन केला आणि मला सॉरी म्हणाले. नाचाचा क्लास बंद केला होता त्याबद्दल.’ ती पोर नाच कधीच विसरून गेलीय. तिने मलाच विचारलं, ते ठीक आहेत ना. मी काय सांगणार? म्हटलं, नवीन मालिकेचा परिणाम आहे.

तो: खरंच सांगितलंस ना मग.

ती: पुढे ऐक. खालच्या काकांशी पार्किंगवरून तुझं भांडण होतं. तोंड बघत नव्हतास त्यांचं. काल ते मला जिन्यात थांबवून सांगतात की मिस्टर स्वतः येऊन चहा पिऊन गेले, म्हणाले गाडी खुशाल आमच्या जागेत लावा. आणि तुझा दादा. वडील गेले तेव्हापासून ज्याचं नाव या घरात काढायची चोरी होती, त्याचा नंबर परवा तुझ्या फोनवर वरच दिसला मला.

तो: माझा फोन बघितलास तू?

ती: चार्जिंगला लावताना दिसला. आणि मुद्दाम बघितला असता तरी काय चुकलं असतं?

तो: नाही, काही नाही. रागाला धरून ठेवलं की आपलाच हात भाजतो.

ती: तिसरा भाग. शेकोटीपाशी.

तो: अगं, मला माझं म्हणून काही बोलू देशील की नाही?

ती: तेच तर मागतेय मी केव्हाची. आता सरळ विचारते. कोणी बाई आहे का?

तो: बाई? अगं, या वयात, या पोटासकट... मला कोण...

ती: हसायला काय झालं? बघ, ठसका लागला. पाणी घे. घे आधी.

तो: घेतलं. या वयात मला कोण बघणार?

ती: बघणार नाही, ऐकणार. मी तरी काय बघून पडले होते? रेडिओवर साबणाच्या जाहिरातीत तू ‘शुभ्र’ म्हणायचास. नुसत्या ‘शुभ्र’वर भाळले मी. मग घरी आलास बघायला तर हा एवढा बुटका माणूस.

तो: बाई नाही. तुझी शपथ.

ती: मग दुपारी कुठे जातोस?

तो: स्टुडिओत. कुठे जाणार?

ती: मालिका केव्हाच संपली. मी कानसेनांना फोन केला होता.

तो: स्टुडिओत फोन केलास? माझ्या पाठीमागे? लोक काय म्हणतील, याची बायको याच्या मागावर आहे.

ती: म्हणू देत. तुझ्या त्या साउंडवाल्याला खोटं बोलता येत नाही, बरं का. मी विचारलं, हसरेबुवांचं काम अजून किती दिवस चालणार? तर म्हणाले, ‘वहिनी, ते तर संपलं.’ मग म्हणाले, ‘म्हणजे, तसं संपलं नाही.’ मग म्हणाले माझ्या कानात दडे बसलेत, नंतर बोलू. जगातले सगळे आवाज ज्याला ऐकू येतात त्या माणसाच्या कानात दडे.

तो: त्याला मी सांगितलं होतं, फोन उचलू नकोस.

ती: म्हणजे आहे काहीतरी.

तो: अगं...

ती: बाई नाही, तर मग मला दुसरी शंका आली. भांडणं मिटवतोस, माफ्या मागतोस, माळा आवरलास, जुने कोट वॉचमनला देऊन टाकलेस. निघायच्या आधी माणूस असं आवरतो. मला वाटलं, सगळं सोडून हा आता बुवांच्या डोंगरावर जाऊन बसणार. एक दिवस मी कामावरून येईन आणि टेबलावर चिठ्ठी असेल. त्यातसुद्धा ‘माझ्या माणसा’ लिहिलेलं असेल. रोज संध्याकाळी कुलूप उघडलं की मी आधी टेबल बघते, माहीत आहे तुला?

तो: नव्हतं माहीत. कुठेही जात नाहीये मी. डोंगर चढताना दम लागतो मला.

ती: मग हे काय चाललंय?

तो: काही नाही म्हटलं ना. ती माणसं काहीतरी चांगलं सांगतात, ते करून बघतोय. करून बघितलं की बरं वाटतं. तुला पटत नसेल तर सोडून दे.

ती: बरं. शेवटचं विचारते. हल्ली बोलता बोलता तू गळ्याला दोन बोटं लावतोस. इथे, कंठाच्या बाजूला. आत्ता ठसका लागला तेव्हाही लावलीस.

तो: ती त्यांचीच लकब. लागली मला.

ती: हसरेबुवांची?

तो: हो. करुणेबद्दल सांगायला लागले की करतात ते तसं. बघितलीस ना तू मालिका?

ती: बघितली. म्हणूनच म्हणतेय. ते छातीवर हात ठेवतात. कानाची पाळी ओढतात. फार हसू आलं की गुडघ्यावर थाप मारतात. गळ्याला हात नाही लावत. तू असंच सांगशील म्हणून काल मी सगळे भाग पुन्हा लावले, आवाज बंद करून, नुसते हात बघत बसले. एकदाही नाही. मान त्यांची, थांबणं त्यांचं, वाक्यं त्यांची. ही दोन बोटं तेवढी तुझी आहेत. तिथे काय आहे?

तो: इस्त्री बंद कर आधी. कॉलर जळेल.

ती: केली. बोल.

तो: गाठ आहे.

ती: कसली?

तो: वाईट असते तसलीच. तपासायला दिली होती, रिपोर्ट आलाय.

ती: केव्हा?

तो: तुला आठवतं, हे काम मिळालं तेव्हा दिग्दर्शक काय म्हणाले होते? म्हणाले, इतके आवाज ऐकले, पण तुमच्या आवाजात अनुभवाची खरखर आहे, शांत झालेल्या माणसाला असाच आवाज पाहिजे. आपण बाहेर जेवायला गेलो होतो त्या दिवशी.

ती: तू ते वाक्य वेटरलासुद्धा सांगितलंस.

तो: ती खरखर अनुभवाची नव्हती. पहिल्यांदा कानसेनाला कळलं. हेडफोन काढून म्हणाला, तुझ्या ‘आ’मध्ये काहीतरी अडकतंय, रोज थोडं जास्त अडकतंय. मी म्हटलं सर्दी असेल. त्याने ओढतच नेलं डॉक्टरांकडे. मी तुला बाहेरगावी रेकॉर्डिंग आहे म्हणून सांगून गेलो होतो, तेव्हा इथेच होतो. गळ्यातून तुकडा काढायचा होता.

ती: आणि मी तुला डबा भरून दिला. प्रवासात लागेल म्हणून.

तो: कानसेनाने खाल्ला. मला गिळवत नव्हतं.

ती: सहाव्या भागात एक जागा आहे. बुवा भावाबद्दल सांगतात, तिथे पडद्यावर ते रडतात. तू रडला नाहीस, नुसता एक श्वास घेतलास. मी ती जागा दोनदा ऐकली. म्हटलं, हे काही याचं कसब नाही, एवढं याला येत नाही.

तो: रिपोर्ट घेऊन थेट माइकपुढे गेलो होतो. दिग्दर्शक म्हणाले, हाच ठेवू.

ती: आता पुढे काय? डॉक्टर काय म्हणतात?

तो: गाठ काढतील. नुसती गाठ नाही, सगळं स्वरयंत्रच काढावं लागेल. मग माणूस वाचायची आशा चांगली आहे म्हणाले. अगदी वेळेवर नाही आलात, पण उशीरही नाही झाला म्हणाले. श्वास घ्यायला इथे गळ्याला भोक राहणार.

ती: आणि आवाज?

तो: जाणार.

ती: सगळा?

तो: सगळा. अस्वलासकट.

ती: केव्हा आहे हे?

तो: बुधवारी दाखल व्हायचंय.

ती: कुठल्या बुधवारी?

तो: या.

ती: आज रविवार आहे.

तो: हो.

ती: दाखल होताना सोबत माणूस लागतं. तुझ्यासोबत कोण येणार होतं?

तो: दादा.

ती: दादा. ज्याच्याशी तू बोलत नव्हतास तो दादा.

तो: म्हणून तर बोललो. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि तो रडायलाच लागला. भांडण कशावरून होतं तेही धड आठवलं नाही दोघांना.

ती: आणि मला काय सांगणार होतास?

तो: बाहेरगावी रेकॉर्डिंग आहे म्हणून.

ती: मग? गळ्याला भोक घेऊन घरी आला असतास, तेव्हा काय सांगणार होतास? आणि कशाने सांगणार होतास?

तो: तेवढा विचार नव्हता केला. म्हणजे केला होता. फोनमधून सांगणार होतो.

ती: मला कळेल असं बोल.

तो: हॉस्पिटलात एक बाई आहेत, आवाज गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्या म्हणाल्या, अजून आवाज आहे तोवर आपली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. मग फोनवर बटण दाबलं की ते वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू येईल. तेच करायला जातो दुपारी. कानसेन पैसेबिसे काही घेत नाही. घसा दुखेपर्यंत करतो आणि घरी येतो.

ती: म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू मला बटण दाबून सांगणार होतास.

तो: तोंडाने सांगवत नव्हती.

ती: कानसेनाला सांगवली. दादाला सांगवली. मी कोण आहे या घरात? इतके दिवस मी तुझ्या शेजारी झोपतेय, आणि माझ्या पोटात गोळा आणि तुझ्या गळ्यात गाठ, दोघंही छताकडे बघत पडलेलो. माझ्याशी का नाही बोललास?

तो: तुझ्या त्या आवाजाची भीती वाटली.

ती: माझ्या कुठल्या आवाजाची?

तो: फ्रिजवाल्या. तू मध्येमध्ये घरूनही फोन घेतेस ना. ‘तुमची अडचण मी समजू शकते.’ इतका मऊ होतो तुझा आवाज तेव्हा. मला वाटलं, मी सांगितलं आणि तू माझ्याशी त्या आवाजात बोललीस, तर मी संपलो. मग मी पेशंट आणि तू तक्रार घेणारी. ते मला सहन झालं नसतं.

ती: गाढव आहेस तू.

तो: हं.

ती: गाढव आहेस. अक्कलशून्य, आडमुठा, खोटारडा माणूस आहेस. एवढी मोठी गोष्ट गिळून बसलास आणि मला शेकोटीपुढची वाक्यं ऐकवत होतास. बुधवारी दादा बाहेर बाकावर बसेल. तुझ्याजवळ मी असणार. साहेबाने सुट्टी नाही दिली तर नोकरी गेली चुलीत. कळलं?

तो: कळलं.

ती: हसतोस काय?

तो: बरं वाटलं. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा.

ती: काय रेकॉर्ड केलंस ते दाखव.

तो: आत्ता नको.

ती: दाखव म्हणते ना. आण तो फोन. हे काय, एवढी बटणं. ‘मी इथेच आहे.’ ‘तुझ्या दुःखात मी सोबत आहे.’ ‘आजचा दिवस ही एक भेट आहे.’ ‘मी तुझा आभारी आहे.’ अरे देवा. हसरेबुवा फोनात येऊन बसलेत.

तो: चांगली चांगली निवडली. म्हटलं, आवाज मोजकाच उरलाय तर त्यात चांगलंच ठेवावं. जन्मभर लोकांना धमक्या दिल्या, तुझ्यावर खेकसलो. मागे राहील ते तरी गोड राहावं. आणि ती वाक्यं खोटी नाहीत गं. आधी नुसती पाठ केली होती. मग हे निघालं. घाबरून जाग यायची तेव्हा तीच आठवायची, दुसरं काही आठवायचंच नाही. त्यांच्यामुळे दादाकडे गेलो मी. तेवढं त्यांचं देणं आहे.

ती: असेल. दादापुरतं मानते मी बुवांना. पण मी काय करू याचं? ऑपरेशननंतर कधी संध्याकाळी मी घरी येईन, दार उघडेन, आणि तू बटण दाबणार. ‘आजचा दिवस ही एक भेट आहे.’ मी परक्या माणसाच्या घरात राहू का?

तो: आवाज तर माझाच आहे.

ती: आवाज तुझा आहे. त्यात तू कुठे आहेस? तू रोज दारातून ‘आलो गं’ म्हणतोस, ते आहे का यात?

तो: नाही.

ती: ‘माझा चष्मा कुठे ठेवलास’? चष्मा तुझ्या डोक्यावर असतो तेव्हाचा?

तो: ते कशाला रेकॉर्ड करायचं?

ती: लेकीला ‘पोचलीस की फोन कर, विसरशील नाहीतर’ म्हणतोस, ते? मॅच बघताना त्या अंपायरला जे म्हणतोस ते?

तो: ते कसं रेकॉर्ड करणार, कोणी ऐकलं तर?

ती: मी ऐकणार आहे. ते चालू कसं करतात? हे लाल बटण? झालं चालू. म्हण.

तो: काय म्हणू?

ती: काहीही. तुझं.

तो: असं समोर फोन धरला की सुचत नाही. कागद दिलास तर वाचतो.

ती: कागद नाही मिळणार.

तो: आलो गं.

ती: असं नाही म्हणत तू. तू जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून म्हणतोस, बूट काढत काढत.

तो: आलो गं... आहेस का?

ती: हां. पुढे.

तो: चष्मा कुठे ठेवलास माझा? नाही बाई, नाही जमत. नाटकासारखं वाटतंय. मला दुसऱ्याचंच बोलता येतं, आयुष्यभर तेच केलंय मी.

ती: थांब. तिथेच बस. फोन धर हातात, बंद करू नकोस.

(ती उठून आत जाते. बाथरूमच्या दिव्याचं बटण वाजतं. ती परत येऊन खुर्चीत बसते.)

तो: कुठे गेली होतीस?

ती: कुठे नाही. बोल तू.

तो: अगं, दिवा.

ती: काय दिवा?

तो: बाथरूमचा. चालू राहिलाय.

ती: असू दे की.

तो: असू दे की म्हणजे? या घरात दिवे काय फुकट जळतात? दर वेळी मीच उठायचं? एक बटण आहे, जाता जाता हात लावायचा, एवढं नाही होत? का तुझा बाप येणार आहे बंद करायला? अगं, रडतेस काय? रेकॉर्ड होईल ते.

ती: होऊ दे.

तो: आलं का नीट?

ती: आलं. अगदी आलं.

तो: मग बंद करू आता?

ती: नको. राहू दे चालू.